पहिल्या मजल्यावरची जीप

महाडला मी ज्या खोलीत भाड्याने राहायचो, तिच्यात जायचं तर आधी एका जीपला वळसा घालावा लागे. खोली पहिल्या मजल्यावर होती. जीपही पहिल्या मजल्यावरच होती. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय आणि दर वेळी ऐकणाऱ्याने माझं तोंड हुंगल्यासारखं केलंय. म्हणून आता लिहूनच टाकतो.

घरमालकांना सगळी गल्ली काका म्हणायची, मीही म्हणायचो. जीप मिलिटरीची, फार जुनी. लष्कराने कधीकाळी मोडीत काढून लिलावात फुंकलेली आणि मग कुणाकुणाच्या दारात कुजत कुजत काकांच्या दारात आलेली. आली तेव्हा तिला चाकं होती आणि गंज होता. बाकीची गाडी फक्त काकांनाच दिसत होती. तिला पुन्हा लष्करात होती तशी करायची, घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी, हे त्यांनी निवृत्तीनंतरचं कार्य ठरवलं होतं.

काकांचा लष्कराशी संबंध म्हणाल तर पोलादपूरच्या बाजारात घेतलेली एक शेवाळी रंगाची पँट आणि गळ्यातली शिट्टी. नोकरी त्यांनी केली ती महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीमागे. तिथून त्यांनी जन्मभर कामगारांना नट, बोल्ट, व्हॉल्व्ह, वायसर द्यायचे होते. बहुतेक वेळा ते त्यांनी दिले नाहीत. पाठीमागे मांडणीवर डबे भरलेले दिसत असताना हा माणूस समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून "संपलेत" म्हणायचा. मला एकदा त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं होतं. "माल मांडणीवर शोभतो रे. माणसाच्या हातात गेला की वाया." मला वाटलं की गंमत करतायत. माझ्या आयुष्यातल्या चुकांची सुरुवात बहुधा याच तीन शब्दांनी होते, 'मला वाटलं की.'

त्यांचा आवडता शब्द 'ओरिजिनल'. स्क्रूपासून सुनेपर्यंत सगळ्यांना ते याच एका फूटपट्टीने मोजत. मी गावाहून नाचणीचं पीठ आणलं तर "ओरिजिनल हाय का?" माझ्यासाठी एका मुलीचा फोटो आला, तो काकूंनी कौतुकाने त्यांच्यापुढे धरला, तर चष्मा कपाळावर सरकवून तेच. मुलीकडच्यांनी पुढे नकार कळवला तेव्हा म्हणाले, "बरं झालं. मला आधीच डेंटिंग-पेंटिंग वाटलं होतं." डेंटिंग-पेंटिंग माझ्या चेहऱ्याचंच करायला हवं होतं असं काकूंचं मत पडलं, ते त्यांनी स्वयंपाकघरातून मोठ्याने मांडलं.

दर रविवारी 'परेड' असे. म्हणजे काका जीपखाली निजणार आणि मी उजेडाला टॉर्चची बॅटरी धरणार. मी रसायनशास्त्रातला एमएस्सी. कारखान्यात माझ्या सहीशिवाय पिंप हलत नसे. त्या जीपपाशी मात्र माझी लायकी बॅटरी धरण्याचीच होती आणि तीही मला नीट धरता येत नव्हती.

"इकडे नाय रे, इकडे," जीपखालून आवाज येई.

"इकडे म्हणजे कुठे काका? मला तुमचे पायच दिसतायत."

"पायावर मारू नको. पाय ओरिजिनल हायत."

कुणालाही जीपमध्ये बसायला बंदी होती. समोरच्या काचेवर 'हात लावू नये' अशी पाटी. स्वतः काकासुद्धा कधी स्टेअरिंगमागे बसत नसत. बाहेर उभे राहून, देवाच्या मूर्तीला हार घालावा तसे वाकून ते चाक थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत. आम्हाला ही भक्ती वाटायची. स्वतः कुठे जायचं झालं तर ते मिनीडोअरने जात. आम्हा रायगडकरांची ती सहा जणांची तीनचाकी, जिच्यात कमीत कमी दहा बसतात. काका पुढे ड्रायव्हरला खेटून बसत आणि त्याला रस्ताभर शिकवत. "आता सेकंड टाक. क्लच पूर्ण दाब. इंजिनाचं ऐक जरा." एकदा नाते नाक्यावर ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "काका, तुम्हीच चालवा ना मग." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ही काय ओरिजिनल गाडी हाय?"

आता ती जीप वर कशी गेली ते. यात माझा हात आहे. हात कसला, जीभ.

तळीयेवर दरड आली त्या वर्षीचा पूर म्हटलं की महाडात पुढचं काही सांगावं लागत नाही. त्या पुरात आमच्या गल्लीतली खालची घरं बुडाली, काकांच्या पडवीतली जीपही बुडाली. आमच्याकडे एक रीत आहे, ती कुणी लिहून ठेवलेली नाही. ज्याच्या घराला वरचा मजला, त्याचा वरचा मजला पाणी आलं की गल्लीचा. दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही, सरळ जिना चढायचा. काकांच्या वरच्या हॉलमध्ये प्रत्येकाची जागा ठरलेली होती. खिडकीखालची जागा अम्माची. अम्मा म्हणजे समोरच्या टेम्पोवाल्या चाचांची आई. गुडघे गेलेले, नजर अधू, पण जीभ शाबूत. त्या पुरात पाणी उतरेपर्यंत ती त्या खिडकीखाली बसून होती आणि कुणाचं पातेलं वाहून चाललंय ते बाहेरच्या आवाजावरून सांगत होती.

पाणी उतरल्यावर गल्लीभर फक्त चिखल. सगळे आपापल्या घरातला गाळ उपसत होते आणि काका काकूंच्या चमच्याने जीपच्या कार्बोरेटरमधला. मला फावडं मारून मारून कंबर धरायची वेळ आली होती. त्या वैतागात मी म्हणालो, "एवढी जपायची तर वरच नेऊन ठेवा की काका!"

गल्ली हसली. काका हसले नाहीत. ते चमचा हातात धरून वर गॅलरीकडे बघत राहिले. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता. मला वाटलं की दमलेत.

मग जीप नटानटाने सुटी झाली आणि वर चढली. इंजिन चेनकप्पीने. चॅसी चाचांच्या टेम्पोच्या टपावरून, दोर आणि बांबू लावून, गॅलरीचा कठडा काढून, गॅलरीकडून उघड्या असलेल्या हॉलमध्ये. सगळी गल्ली हातभार लावत होती, कारण त्या दिवसांत आमचे खांदे तसेही काही ना काही उचलतच होते. जीप वर गेल्यावर माकडं येतात म्हणून काकांनी गॅलरीला लोखंडी ग्रिल मारून घेतलं. चांगलं जाड, चारी बाजूंनी पक्कं वेल्डिंग. ते वेल्डिंग चालू असताना मी शेजारी उभा राहून "आता कसं मजबूत झालं" म्हणत होतो. मी, एमएस्सी.

चाचांनी मात्र तिथल्या तिथे विचारलं, "काका, हिला इथंच जोडलीत तर पाणी आलं की अम्मा कुठं बसणार?"

"पावसाच्या आत जीप खाली," काका म्हणाले. "शब्द हाय माझा."

तो शब्दही मांडणीवरच्या मालासारखा, कुणाच्या हातात कधी पडला नाही. पुढे दर वर्षी वैशाखात चाचा जिन्याखाली उभे राहून तोच प्रश्न विचारत आणि काका तेच उत्तर देत. चाचांचा प्रश्न हसत हसत यायचा, पण तो गमतीचा नव्हता. अम्माला उचलून लांब न्यायचं म्हणजे तिचे हाल. गल्लीत दुसरा वरचा मजला होता त्याचा जिना बाहेरून आणि उभा. तिच्यासाठी पाण्यातून सुटायची एकच जागा होती आणि त्या जागेवर आता एका जीपचं डावं चाक होतं.

खाली न्यायला काकांची हरकत नव्हती. फक्त आधी ती पूर्ण व्हायला हवी होती. पूर्ण व्हायची तर बोनेट ओरिजिनल हवं होतं. आणि ते मिळून पूर्ण झाली असती तर खाली न्यायला पुन्हा सुटी करावी लागली असती. त्यावर त्यांचा नियम होता, "एकदा जोडलं की उघडायचं नाय." हे सगळं ते इतक्या गंभीरपणे सांगत की ऐकताना पटायचं. जिना उतरून चपला घालेपर्यंत पटलेलं राहायचं.

बोनेट मीच आणलं. पोलादपूरच्या वर डोंगरात माझ्या मामीचं घर आहे. तिथे कुठल्याशा जंगलवाल्या साहेबाची मोडकी जीप पूर्वी पडलेली होती, तिचं बोनेट मामीच्या खुराड्यावर झाकण म्हणून होतं. मी मोठ्या दिमाखात मागायला गेलो.

"बोनेट?" मामी म्हणाली. "ता कोंबड्यांचा झाकन व्हय रे? ने की. पन मंग कोंबड्या कुठं कोंडू, तुझ्या टकुऱ्यात? तितं जागा हाय."

मी बदल्यात माझी लोखंडी ट्रंक दिली. तिच्या तळाशी माझं एमएस्सीचं सर्टिफिकेट होतं, हे मला पुढच्या महिन्यात आठवलं. तोवर त्यावर एक कोंबडी अंडी उबवायला, रवणीला बसलेली होती. मामी म्हणाली, इतकी चांगली पिल्लं याआधी कधी निघाली नव्हती.

बोनेट मोटारसायकलला मागे आडवं बांधून मी महामार्गाने निघालो. समोरून ट्रक गेला की बोनेटात वारा भरे आणि मी न ठरवता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जाई. महाडला पोचलो तेव्हा माझ्या डोक्यात पोलादपूरपासूनची सगळी धूळ होती. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोनेटवर हात फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला.

"हे नाय."

"म्हणजे?"

"हुक बघ. दोन्ही अंगांना जास्तीचा एक एक हाय. मागाहूनच्या मॉडेलचं. ओरिजिनल नाय."

"मग फेकून देऊ?"

"फेकतोस कशाला? माल हाय. तुझ्या कॉटखाली ठेव."

ते माझ्या कॉटखाली राहिलं. त्याला कोंबड्यांचा वास येई. हळूहळू मलाही यायला लागला, असं कारखान्यात बोललं जाई.

आणि मग एका श्रावणात, रात्रपाळी करून मी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलो, तर पालिकेचा भोंगा वाजत होता. गल्लीत पाणी घोट्याच्या वर आलेलं. महाडची माणसं अशा वेळी बडबड करत नाहीत, सामान उचलतात. मी वर गेलो तर माझ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. काकूंनी खालचं सगळं वर आणून माझ्या खोलीत रचलं होतं. माझ्या कॉटवर फ्रिज आडवा झोपला होता. हॉलमध्ये जीपच्या चारी बाजूंना तांदळाची पिंपं, सिलिंडर, शिलाई मशीन, आणि त्यांच्या मधल्या फटींत शेजारपाजारची माणसं, पोरंबाळं कडेवर घेऊन, भिंतीला पाठ लावून उभी.

खालून चाचांची हाक आली. "काका! अम्माला आणतोय वर!"

"आण की!" काका सवयीने ओरडले आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं.

खिडकीखाली चाक होतं. हॉलभर त्यांनी नजर फिरवली आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर, स्टोअरच्या खिडकीतून जन्मभर जे लोकांच्या तोंडावर पाहिलं असेल, ते दिसलं. जागा खरंच संपली होती.

मी काहीतरी करायचं म्हणून कॉटखालचं बोनेट ओढून काढलं आणि खाली धावलो. आमच्या डोंगरात आजारी माणसाला डोलीतून खाली आणतात, तेवढं एक मला येतं. पाणी गुडघ्याशी आलं होतं. बोनेट उलटं केलं, आत घोंगडी टाकली, अम्माला त्यात बसवलं आणि चौघांनी चार हुक धरले. बोनेट ओरिजिनल असतं तर दोघांना धरायला काहीच नव्हतं, हे मी जिना चढताना काकांना मुद्दाम ओरडून सांगितलं.

"कुठं नेताव रे मला?" अम्मा म्हणाली. "आणि ह्याला कोंबडीचा वास कसला?"

"ह्याचा हाय," चाचांनी माझ्याकडे मान केली.

वर आलो तर काका जीपपुढे हात पसरून उभे. "सीटवर नाय हां. कॅनव्हास ओरिजिनल हाय. ओला झाला की गेला. ओली माणसं नाय चालणार."

चाचांनी हुक धरून एक पाऊल पुढे टाकलं. बोलल्या त्या काकू.

"मग काय माणसं वाळवून आणायची का?" त्या पुढे झाल्या, काचेवरची पाटी उपटून त्यांनी तांदळाच्या पिंपावर टाकली. "इतकी वर्षं मी खाली आमटी ढवळते आणि ह्या गाडीच्या वजनानं छताचं प्लास्टर त्यात पडतं. ते ओरिजिनल प्लास्टर खाल्लंय मी. सरका!"

काका सरकले. सरकताना त्यांनी काय केलं, तर धावत जाऊन प्लास्टिकचा कागद आणला आणि अम्माच्या खाली घालायला बघू लागले. अम्माने तो ओढून डोक्यावरून घेतला. ती पुढच्या सीटवर टेकली आणि तिचे गुडघे, जे जमिनीवर बसताना करकरायचे, गपचूप वाकले. तिने हाताने चाचपून दांडा शोधला, घट्ट धरला आणि हुश्श केलं.

मग बांध फुटल्यासारखी माणसं जीपमध्ये चढली. मागे पोरं, त्यांच्या मांडीवर पोरं, मडगार्डवर चाचा. काकूंनी स्टोव्ह पेटवून खिचडी टाकली. एक स्टेअरिंगमागची सीट तेवढी रिकामी राहिली.

"बसा आता तुम्ही पण," काकू म्हणाल्या. "पाणी काय तुमच्या परेडसाठी थांबणार नाय."

काका बसले. दोन्ही हातांनी त्यांनी स्टेअरिंग धरलं, आरतीचं ताट धरतात तसं.

"हां काका," चाचा म्हणाले, "टाका फर्स्ट. चला घेऊन अम्माला पोलादपूरला."

सगळे हसले आणि काकांकडे बघू लागले. काकांनी खाली पाहिलं. त्यांचा एक पाय तीन पेडलांवरून, भरल्या पानात कुठून सुरुवात करावी न कळणाऱ्या पाहुण्याच्या हातासारखा फिरत राहिला.

"क्लच डावीकडचा," मी पुटपुटलो.

"त्यांना येत नाय चालवायला," काकू खिचडी ढवळत म्हणाल्या. "सायकल पण येत नाय."

चाचांचं तोंड उघडं राहिलं. त्यांच्या टेम्पोच्या क्लचवर या माणसाने आयुष्यभर टीका केली होती. मी इतकी वर्षं ज्याला भक्ती समजत होतो, ती निव्वळ भीती होती आणि तिच्यावर मी बॅटरी धरून उभा होतो.

"मग बरंच हाय की," अम्मा म्हणाली. "पडायची भीती नाय."

पाणी जिन्याच्या निम्म्यापर्यंत आलं आणि संध्याकाळी उतरायला लागलं. तोवर अम्माने आत बसून गाव मागे टाकलं होतं, घाट चढला होता आणि पुढच्या वळणावर कुठे चहा मिळतो तेही सांगितलं होतं. काका तिच्या शेजारी ताठ बसून होते. एकदाच बोलले. "हॉर्न वाजवू नको रे कुणी."

पुढे मला लोटे गावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि मी महाड सोडलं. त्यानंतरच्या वैशाखात सहज भेटायला गेलो, तर गल्लीत क्रेन उभी. चाचांनी आणली होती, एका ओळखीच्या ठेकेदाराकडून. ग्रिल कापायचं, जीप गॅलरीत ढकलून अख्खीच्या अख्खी अलगद खाली ठेवायची. एक नटसुद्धा उघडायला नको, म्हणजे काकांच्या नियमालाही धक्का नाही. काकांना नाही म्हणायला एकही कारण उरू नये, अशी व्यवस्था चाचांनी चोख केली होती. मी जिना चढलो तो हा तमाशा बघायलाच.

काका जीपपुढे उभे होते, शेवाळी पँटीत.

"उतरवा की," ते म्हणाले. "माझी ना नाय. पण पावसात अम्मा कुठं बसेल?"

चाचा कपाळाला हात लावून मटकन पिंपावर बसले. "अहो काका! जीप गेली की हॉल रिकामा! तिची खिडकी रिकामी! तिथं बसेल, आधी बसायची तशी!"

"जमिनीवर?" काका म्हणाले. "त्या गुडघ्यांनी? तू लेक हायस का कोण? ही सीट स्प्रिंगची हाय. ओरिजिनल."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे पाहिलं. काकू छताचं प्लास्टर आमटीत पडू नये म्हणून पातेल्यावर झाकण ठेवायला खाली निघून गेल्या होत्या. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून, गल्ली ओलांडून, अम्माचा आवाज आला.

"ए! माझ्या गाडीला कोण हात लावतोय?"

क्रेन तासाभराने परत गेली.

काकांनी शिट्टी पुसली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि जीपखाली निजले. अम्माच्या सीटची एक स्प्रिंग सैल झाली होती, ती पावसाच्या आत आवळायला हवी होती. त्यांचा हात बाहेर आला आणि त्या हाताने माझ्यापुढे बॅटरी धरली. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट जीपवर पडलं होतं.

मी बॅटरी घेतली आणि लावली.

"इकडे नाय रे," खालून आवाज आला. "इकडे."